आगम, आदेश आणि लोप : सेंद्रिय रसायनशास्त्राकडे पाहण्याची एक दृष्टी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बी.ए., बी.एड. झालेला मराठीचा शिक्षक. मराठीच्या मास्तराने रसायनशास्त्रावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. त्याचे कारण साधे आहे. संध्याकाळच्या अभ्यासिकेवर देखरेख करण्याचे काम माझ्याकडे आहे. तेथे आपले माजी विद्यार्थी, म्हणजे दहावी होऊन अकरावी-बारावी विज्ञानाला गेलेली मुले-मुलीही येऊन बसतात. त्यांच्या वह्या मी पाहतो. भौतिकशास्त्राची वही बरी असते, जीवशास्त्राची तर सुबक असते. सेंद्रिय रसायनशास्त्राची वही उघडली की मात्र एकेका पानावर वीस-वीस समीकरणे, त्यांच्याभोवती लाल शाईच्या चौकटी, आणि कोपऱ्यात लिहिलेले असते, 'पाठ करणे.' या 'पाठ करणे'विषयी मला आज आपल्याशी बोलावयाचे आहे.

आपली मुले दहावीपर्यंत मराठीतून किंवा उर्दूतून शिकतात. अकरावीला विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून सुरू होते. एका बाजूने भाषा नवी, दुसऱ्या बाजूने विषय नवा. पहिल्या सत्राचा निकाल लागतो, रसायनशास्त्रात गुण पस्तीसच्या खाली येतात, आणि घरात बोलणे सुरू होते, 'सायन्स आपल्या पोरांचे काम नाही.' मुलगा असेल तर पासपोर्टची चौकशी होते, मुलगी असेल तर स्थळांची. एका विषयाच्या एका प्रकरणावरून एका आयुष्याचा निर्णय होतो. ते प्रकरण खरोखर इतके अवघड आहे काय, हे पाहण्यासाठी मी विज्ञानाच्या सहकाऱ्यांजवळ बसलो, अकरावी-बारावीची पुस्तके वाचली. त्यातून जे हाती आले, ते आज आपल्यापुढे ठेवतो. उदाहरणासाठी एकच विषय घेतो, तो म्हणजे एलिमिनेशनची अभिक्रिया.

प्रथम माझ्या व्याकरणाच्या तासाकडे चला. शब्दांत बदल घडण्याचे तीन प्रकार आपले जुने वैयाकरण सांगतात : आगम, आदेश आणि लोप. आगम म्हणजे नवे अक्षर येऊन बसणे. रत्न आणि छाया जोडताना मध्ये 'च्' येतो आणि 'रत्नच्छाया' होते. आदेश म्हणजे एकाच्या जागी दुसरा येणे. 'जाणे' या क्रियापदाचा भूतकाळ आपण 'जाला' असा करीत नाही, 'गेला' म्हणतो; 'जा'च्या जागी 'गे' आला. लोप म्हणजे गळून जाणे. नदी आणि आत मिळून 'नदीत' होते, 'आ' गळून जातो. आगम मित्रासारखा येतो, शेजारी बसतो. आदेश शत्रूसारखा येतो, आधीच्याला उठवून त्याची जागा घेतो, असे संस्कृतचे पंडित गमतीने सांगत आले आहेत.

आता सेंद्रिय रसायनाचे पुस्तक उघडा. तेथेही मुख्य प्रकार तीनच दिसतील. समावेशन, म्हणजे आगम. प्रतियोजन, म्हणजे आदेश. आणि एलिमिनेशन, म्हणजे लोप. पाठ करावयाच्या वीस समीकरणांपैकी बहुतेक या तीन खणांत जाऊन बसतात. उपमा ही शेवटी उपमाच, ती सगळीकडे ताणू नये. पण वाट सापडण्यापुरता तिचा उपयोग होतो.

विद्यार्थी मित्रांनो, कार्बनला चार हात असतात हे तुम्ही दहावीत शिकला आहात. चारही हात नेहमी गुंतलेले हवेत, रिकामा हात त्याला चालत नाही. आता दोन शेजारी कार्बन डोळ्यांसमोर आणा. एकाने एका हाताने ब्रोमीन धरला आहे, दुसऱ्याने एका हाताने हायड्रोजन. ब्रोमीन एकीकडून गेला, हायड्रोजन दुसरीकडून गेला. दोघांचा एकेक हात रिकामा झाला. मग ते काय करतात? एकमेकांचा हात आणखी एकदा धरतात. आधी त्यांच्यात एक बंध होता, आता दोन झाले. दोन शेजाऱ्यांकडून एकेक जण निघून जाणे आणि त्या दोघांत दुहेरी बंध तयार होणे, एवढाच एलिमिनेशनचा अर्थ. ज्या कार्बनवर निघून जाणारा गट बसलेला असतो त्याला अल्फा कार्बन म्हणतात, त्याच्या लगतच्याला बीटा कार्बन. हायड्रोजन बीटावरून जातो, म्हणून या प्रकाराला बीटा-एलिमिनेशन असेही नाव आहे.

उदाहरण घेऊ. २-ब्रोमोप्रोपेन या रेणूत तीन कार्बनची साखळी असते आणि मधल्या कार्बनवर ब्रोमीन असतो. अल्कोहोलमध्ये विरघळविलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर तो तापविला की ब्रोमीन मधल्या कार्बनवरून जातो, हायड्रोजन कडेच्या कार्बनवरून जातो, आणि प्रोपीन हा वायू मिळतो. सोबत पाणी आणि पोटॅशियम ब्रोमाइड तयार होतात. हायड्रोजन आपण होऊन जात नाही, त्याला आम्लारी ओढून नेते. तो जाताना त्याला बांधून ठेवणारी इलेक्ट्रॉनांची जोडी मागे सोडून जातो. तीच जोडी दोन कार्बनांच्या मध्ये येऊन बसते आणि दुसरा बंध होते. ब्रोमीन मात्र आपली जोडी बरोबर घेऊनच निघतो. पुस्तकात जे वाकडे बाण काढलेले असतात, ते या जोडीचा प्रवास दाखवितात. बाण इलेक्ट्रॉन जेथे आहेत तेथून निघतो आणि ते जेथे जातात तेथे पोचतो. हे एक वाक्य नीट समजले की अर्धे पुस्तक बोलू लागते.

आता एक गंमत पाहा. हाच पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळवून घेतला तर लोपाऐवजी आदेशाचे प्रमाण वाढते. ब्रोमीन जातो, त्याच्या जागी हायड्रॉक्सिल गट येतो आणि अल्कोहोल मिळते. मुले हे दोन ओळींत पाठ करतात, 'पाण्यातला केओएच : प्रतियोजन; अल्कोहोलमधला केओएच : एलिमिनेशन.' परीक्षेत घाईत पाणी आणि अल्कोहोल यांची अदलाबदल होते आणि गुण जातात. कारण समजून घेतले तर अदलाबदल होणार नाही. पाण्यात हायड्रॉक्साइड आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचा गराडा पडतो, त्यामुळे हायड्रोजन हिसकावून घेण्याचे त्याचे बळ कमी होते. अल्कोहोलमध्ये इथॉक्साइड नावाचा अधिक जोरकस आयन तयार होतो, तो हायड्रोजनवर झडप घालतो.

पण रेणू आपल्या चौकटी वाचून वागत नाहीत. पुष्कळदा दोन्ही अभिक्रिया एकाच वेळी चालू असतात, फक्त प्रमाण बदलते. २-ब्रोमोप्रोपेनवर सोडियम इथॉक्साइडची क्रिया केली तर सुमारे ८० टक्के प्रोपीन मिळते आणि उरलेला ईथर. तेच ब्रोमोइथेन घेतले तर उलट होते. सुमारे ९० टक्के ईथर आणि जेमतेम १० टक्के इथीन. कारण ब्रोमोइथेनमध्ये अल्फा कार्बनभोवती गर्दी नाही, पाहुण्याला सरळ आत येता येते, मग आदेश सोपा पडतो. गर्दी वाढली की आत शिरणे कठीण होते, आणि बाहेरच्या बाजूचा हायड्रोजन उचलून नेणे सोपे होते. तापमान वाढविले तरी पारडे लोपाकडे झुकते, कारण लोपात कणांची संख्या वाढते आणि उष्णता अशा विखुरण्याला साथ देते.

आता पालकांसाठी स्वयंपाकघरात येऊ. कढईतले तेल फार तापले, धूर येऊ लागला की डोळे चुरचुरतात, घशात ठसका बसतो. तेव्हा घडते ते एलिमिनेशनच असते. तेलाचा रेणू उष्णतेने मोडतो, त्यातून ग्लिसरॉल, म्हणजे आपले औषधाच्या दुकानातले ग्लिसरीन, सुटे होते. त्या ग्लिसरॉलच्या एका रेणूतून पाण्याचे दोन रेणू निघून जातात आणि अॅक्रोलीन नावाचा अत्यंत झोंबरा पदार्थ तयार होतो. प्रयोगशाळेत ग्लिसरॉल ओळखण्यासाठी याच वासाचा उपयोग करतात आणि त्या परीक्षेला अॅक्रोलीन टेस्ट म्हणतात. आपल्या अम्मी ही परीक्षा रोज टाळत असतात, आच मंद करून.

पाणी काढून टाकण्याच्या या क्रियेला निर्जलीकरण म्हणतात. दहावीच्या पुस्तकात तिचे एक उदाहरण आहे. इथेनॉल संहत सल्फ्युरिक आम्लाबरोबर १७० अंश सेल्सिअसला तापविले की इथीन मिळते. तेच तापमान १४० अंशांच्या आसपास ठेवले तर ईथर मिळतो. पदार्थ तेच, आम्ल तेच, फक्त तीस अंशांचा फरक. येथे आम्लाचे काम काय, हे मुलांनी विचारावयास हवे. हायड्रॉक्सिल गट एकटा बाहेर पडण्यास फारसा राजी नसतो. आम्ल त्याला एक हायड्रोजन आयन देते, मग तो पाणी होऊन सहज निघून जातो. ज्या अल्कोहोलमध्ये हायड्रॉक्सिलच्या कार्बनला आणखी तीन कार्बन जोडलेले असतात, उदाहरणार्थ टर्शरी ब्युटाइल अल्कोहोल, तेथे २० टक्क्यांचे पातळ आम्ल आणि ८५ अंशांची आच पुरते. हे प्रयोग कोणीही घरी करावयाचे नाहीत. संहत आम्ल कातडी जाळते, ईथर आणि इथीन क्षणात पेट घेतात. प्रयोगशाळा आणि शिक्षक हीच त्यांची जागा.

अल्कोहोल हा शब्द ऐकून काही वडीलधारी मंडळी अस्वस्थ होतात, हे मी पाहिले आहे. त्यांना मी नम्रपणे सांगू इच्छितो की रसायनात अल्कोहोल हे एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. आत्ताच उल्लेखिलेले ग्लिसरीन त्याच कुटुंबातले. आणि हा शब्द आला कोठून? अरबी 'अल्-कुह्ल'वरून, ज्याचा अर्थ डोळ्यांत घालावयाचा सुरमा. सुरम्यासारखी बारीक पूड, मग कोणत्याही पदार्थाचा शुद्ध अंश, आणि पुढे सोळाव्या शतकात युरोपात मद्याचा अर्क, असा त्याचा अर्थ बदलत गेला. दुसरा शब्द अल्कली. तोही अरबी, 'अल्-कली', म्हणजे खाऱ्या जमिनीतील वनस्पती जाळून केलेली राख. आपल्याकडे राखेने भांडी घासतात त्यामागचे रसायन तेच. पोटॅशियमचे लॅटिन नाव कॅलियम, तेही याच 'कली'वरून बनविलेले, आणि केओएचमधला 'के' तेथूनच आला. म्हणजे एलिमिनेशनसाठी लागणारी अल्कोहोल आणि अल्कली ही दोन्ही नावे ज्या भाषेने जगाला दिली, ती भाषा आपल्या घराघरांतील मुले रोज वाचतात. ही गोष्ट मी फुशारकीसाठी सांगत नाही. नावे आपल्या ओळखीची आहेत, मग विषय परका का मानावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त फसविणाऱ्या जागेकडे वळू. एलिमिनेशनचे दोन मार्ग पुस्तकात दिलेले असतात, ई-वन आणि ई-टू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ख्रिस्तोफर इन्गोल्ड आणि एडवर्ड ह्यूज यांनी १९३० नंतरच्या दशकात या अभिक्रियांच्या वेगाचा बारकाईने अभ्यास केला आणि ही नावे रूढ झाली. मुलांना वाटते, ई-वन म्हणजे एक पायरी आणि ई-टू म्हणजे दोन पायऱ्या. प्रत्यक्षात उलटे आहे! ई-टू एकाच पायरीत होते : आम्लारी हायड्रोजन ओढते, त्याच क्षणी दुहेरी बंध बनतो आणि त्याच क्षणी ब्रोमीन निघतो. बहुधा हायड्रोजन आणि ब्रोमीन त्या वेळी विरुद्ध बाजूंना असावे लागतात. ई-वन दोन पायऱ्यांत होते : आधी निघणारा गट सावकाश निघून जातो आणि धनभारित कार्बन मागे राहतो, मग शेजारचा हायड्रोजन झटकन जातो.

मग वन आणि टू हे आकडे कशाचे? वेग ठरविणाऱ्या पायरीत किती रेणू सामील आहेत, त्याचे. ई-टूमध्ये मूळ रेणू आणि आम्लारी असे दोघे, म्हणून आम्लारी दुप्पट केली तर वेगही दुप्पट होतो. ई-वनमध्ये सावकाश पायरीत एकटा मूळ रेणूच, म्हणून आम्लारी वाढविली तरी त्या पायरीचा वेग वाढत नाही. एस.टी. स्टँडवर तिकिटाची खिडकी एकच असली आणि पुढे दरवाजे दहा असले, तरी रांग खिडकीच्याच वेगाने सरकणार. तसेच हे आहे.

यानंतर येतो तो नियम, ज्याच्यासाठी मी हा विषय निवडला. २-ब्रोमोब्युटेन घ्या. चार कार्बनची साखळी, ब्रोमीन दुसऱ्या कार्बनवर. आता हायड्रोजन कोठून जाणार? डावीकडे कडेचा कार्बन आहे, त्याच्यावर तीन हायड्रोजन. उजवीकडे तिसरा कार्बन आहे, त्याच्यावर दोन. अंदाज करू गेलो तर वाटते, ज्याच्याकडे तीन आहेत त्याच्याकडून जाईल. प्रत्यक्षात सुमारे ८० टक्के रेणूंमध्ये तो दोनवाल्याकडून जातो आणि २-ब्युटीन मिळते. १-ब्युटीन फक्त २० टक्क्यांच्या आसपास. कारण दुहेरी बंधाच्या कार्बनांना जितके जास्त कार्बन जोडलेले, तितका तो रेणू अधिक स्थिर असतो. हा नियम १८७५ साली अलेक्झांडर झायत्सेव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञाने मांडला. पाठ्यपुस्तकात त्याचे नाव जर्मन वळणाने सायत्झेफ असे येते. आम्लारी फार अवजड असेल, जसे पोटॅशियम टर्शरी ब्युटॉक्साइड, तर तिला आतल्या हायड्रोजनपर्यंत पोचता येत नाही आणि प्रमाण कडेच्या बाजूस वळते. म्हणजे नियमाचे कारण माहीत असले की त्याचा अपवादही पाठ करावा लागत नाही.

या झायत्सेव्हची हकिकत पालकांनी जरूर ऐकावी. त्याचा जन्म १८४१ साली काझान येथे झाला. काझान म्हणजे व्होल्गा नदीकाठचे, तातार मुसलमानांच्या जुन्या वस्तीचे शहर. त्याचे वडील चहा आणि साखरेचे व्यापारी. मुलाने दुकानच पुढे चालवावे, हे त्यांनी ठरवून टाकले होते. मुलाच्या मामाने मध्ये पडून आग्रह धरला, तेव्हा त्याला काझान विद्यापीठात जाऊ दिले, तेही अर्थशास्त्र शिकण्यासाठी! त्या काळी तेथे अशी पद्धत होती की कायदा किंवा अर्थशास्त्र घेणाऱ्यालाही दोन वर्षे रसायनशास्त्र शिकावे लागे. त्या वर्गात त्याला बुटलेरोव्ह हे गुरू भेटले आणि व्यापाऱ्याचा मुलगा रसायनशास्त्रज्ञ झाला. त्याच गुरूंचा दुसरा विद्यार्थी मार्कोव्हनिकोव्ह, ज्याचा समावेशनाचा नियम १८७० च्या सुमाराचा. आगमाचा नियम एका शिष्याचा, लोपाचा दुसऱ्याचा, आणि दोघांची शाळा एकच. प्रत्येक घरी असा एखादा मामू असावा, असे मला फार वाटते.

हे दोन नियम लक्षात ठेवण्याची एक युक्ती आहे. मार्कोव्हनिकोव्ह म्हणतो, ज्या कार्बनकडे हायड्रोजन जास्त, त्यालाच आणखी मिळतो. झायत्सेव्ह म्हणतो, ज्याच्याकडे कमी, त्याच्याकडूनच काढला जातो. रेणूंच्या जगात यात अन्याय नाही, तेथे फक्त स्थिरतेचा हिशेब आहे. पण माणसांच्या जगात आपण हाच नियम चालवितो, याचे वाईट वाटते. पहिल्या सत्रात जो मागे पडला, त्याचीच शिकवणी बंद होते. जिला अभ्यासाला वेळ कमी, तिलाच पाणी भरावयास आणि धाकट्यांना सांभाळावयास उठवितात. ज्याच्याजवळ कमी, त्याच्याकडूनच काढून घेतो. रेणूला दुसरा पर्याय नसतो, आपल्याला असतो.

आता कोणी विचारील, दुहेरी बंध शिकून पोटाला काय मिळते? थोडक्यात सांगतो. इथीन हा वायू वनस्पती स्वतः तयार करतात आणि त्याने फळे पिकतात. आंब्याची अढी घालतो तेव्हा फळांतून निघणारे इथीन पेंढ्यात कोंडून राहते. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे, ठराविक प्रमाणात इथीन वापरण्यास परवानगी आहे. इथीनपासूनच पॉलिथीन बनते. आपल्या राज्यातील साखर कारखान्यांच्या मळीपासून इथेनॉल होते, आणि इथेनॉलमधून पाणी काढले की इथीन. ब्राझीलमध्ये २०१० साली उसाच्या इथेनॉलपासून वर्षाला दोन लाख टन इथीन तयार करण्याचा कारखाना सुरू झाला. दहावीच्या पुस्तकातली ती एक ओळ, एवढ्या मोठ्या प्रमाणावर!

रक्तातील साखर तपासण्यासाठी रक्त ज्या राखाडी बुचाच्या नळीत घेतात, तिच्यात सोडियम फ्लोराइड असते. आपल्या पेशी साखर वापरताना मध्येच एक टप्पा असा येतो की एनोलेज नावाचे विकर एका रेणूतून पाणी काढून दुहेरी बंध तयार करते. फ्लोराइड त्या विकराला अडविते, म्हणून नळीतल्या रक्तपेशी साखर खाऊन टाकू शकत नाहीत आणि अहवाल खरा येतो. म्हणजे या क्षणी आपणा सर्वांच्या शरीरात एलिमिनेशन चालू आहे.

आणखी एक उदाहरण. १९५३ साली देशात राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावी डीडीटीची फवारणी झाली. ती घरात झालेली जुन्या लोकांना आठवत असेल. डीडीटीला दाद न देणाऱ्या घरमाश्या जगात त्याआधीच आढळल्या होत्या. त्यांच्या शरीरातील एक विकर डीडीटीतून हायड्रोजन आणि क्लोरीन काढून टाकते. लोप होतो, दुहेरी बंध बनतो, आणि तयार झालेल्या डीडीई या पदार्थाने माशी मरत नाही. माशीला जे जमते ते आमच्या विद्यार्थ्याला का जमू नये!

विद्यार्थी मित्रांनो, आता अभ्यासाची रीत सांगतो. प्रश्न समोर आला की चार गोष्टी स्वतःला विचारा, त्याही आपल्या भाषेत. निघून जाणारा गट कोणता? शेजारच्या कार्बनवर हायड्रोजन आहे काय? आम्लारी कोणती आणि ती कशात विरघळविली आहे? तापमान किती?

करून पाहू. २-ब्रोमो-२-मिथाइलब्युटेन आणि अल्कोहोलमधला केओएच, आच दिली आहे. निघणारा गट ब्रोमीन. त्याच्या कार्बनला तीन शेजारी आहेत. दोघांवर तीन-तीन हायड्रोजन, तिसऱ्यावर दोन. आम्लारी अल्कोहोलमध्ये, उष्णता आहे, म्हणजे लोप. हायड्रोजन दोनवाल्याकडून जाणार, म्हणून मुख्य उत्पादन २-मिथाइल-२-ब्युटीन. काहीही पाठ न करता उत्तर आले. आता १-ब्रोमो-२,२-डायमिथाइलप्रोपेन घ्या. शेजारच्या कार्बनचे चारही हात कार्बननीच धरलेले, त्याच्यावर हायड्रोजन नाहीच. म्हणजे नेहमीचा लोप येथे होणार नाही. परीक्षक असा प्रश्न मुद्दाम घालतात. पाठ केलेला तेथे अडतो, समजलेला पुढे जातो.

रोज दोनच अभिक्रिया करा, पण कार्बन काढून, अल्फा-बीटा खुणा करून, बाण दाखवून. आधी मराठीत किंवा उर्दूत एक वाक्य लिहा : काय गेले, कोठून गेले, काय बनले. मग तेच इंग्रजीत लिहा. अर्थ आपल्या भाषेत बसला की परक्या भाषेतले शब्द मागोमाग येतात, हे मी भाषेचा शिक्षक म्हणून खात्रीने सांगतो. काही गोष्टी पाठ कराव्याच लागतील, संयुगांची नावे, तापमाने, अभिकारके. पाढे आपणही पाठ केले. पण पाढा येणे आणि हिशेब येणे यांत फरक आहे.

पालकांना माझी विनंती तीनच गोष्टींची. पहिल्या सत्राच्या निकालावरून मुलाची शाखा बदलू नका. भाषा बदलली आहे, त्याला किमान एक वर्ष द्या. रात्री मुलाला किंवा मुलीला वही घेऊन आपल्याजवळ बसवा आणि म्हणा, 'आज काय शिकलास ते मला समजावून सांग.' आपणांस समजले नाही तरी चालेल. समजावून सांगताना त्याचे त्यालाच समजते. वडील आखातात असतील तर फोनवर गुण विचारण्याऐवजी हा प्रश्न विचारावा. आणि तिसरी गोष्ट मुलींविषयी. आपल्या अभ्यासिकेत बाण सर्वांत नीट काढणाऱ्या वह्या मुलींच्या आहेत. त्यांचा अभ्यासाचा तास घरातल्या कामासाठी पहिला बळी जाऊ देऊ नका.

अभ्यासिका संध्याकाळी उघडी असते. विज्ञानाचे शिक्षक आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तेथे येतात, इतर दिवशी मी असतो. मला न सुटलेला प्रश्न मी वहीत लिहून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांना विचारून उत्तर आणतो. मराठीच्या मास्तराला हे विचारण्यात कमीपणा वाटत नाही, तर विद्यार्थ्याने संकोच का करावा? येताना कोरी वही आणा. 'पाठ करणे' असे लिहिलेली जुनी वही घरी ठेवली तरी चालेल.